बाबा, जुना मॉनिटर माळ्यावरच राहू द्या

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

बाबा, जुना मॉनिटर माळ्यावरून खाली काढू नका. कॉम्प्युटर टीव्हीलाच जोडलेला राहील, हे मी दादाशी बोलून ठरवलंय. रागावू नका ना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्ही त्या इवल्या पडद्यात डोकं घालून पेन्शनचे कागद वाचायचात, मान धरायची आणि रात्री आई शेकत बसायची. टीव्हीवर तेच आरामखुर्चीतून दिसेल. तुमची खुर्ची, पाठीची उशी, सगळं जागच्या जागी राहील.

टीव्हीवर कॉम्प्युटरच्या चित्राच्या कडा कापलेल्या दिसतात म्हणून तुम्हाला चैन पडत नाही, हे मला कळतं. माझ्या वह्यांना कव्हर घालताना तुम्ही कागदाची कड रेघभरही सरकू द्यायचा नाहीत. पहिल्या दिवशी ती वही दप्तरात घालायलासुद्धा जिवावर यायचं मला.

पण काही बिघडलेलं नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या चौकटीआड लपवत. तीच सवय नव्या टीव्हीतही राहिली. सिनेमात ते जाणवत नाही, कॉम्प्युटरची मात्र खालची पट्टीच गायब होते.

आता कॉम्प्युटर चालू ठेवून टीव्हीच्या रिमोटने सेटिंग्जमध्ये जा. पिक्चर, मग पिक्चर साइज, तिथे १६:९ ठेवा आणि 'फिट टू स्क्रीन' ऑन करा. काकांना विचारू नका. त्यांच्या एलजीत यालाच 'जस्ट स्कॅन' म्हणतात, उगाच घोळ होईल. आपल्या सॅमसंगवर तो पर्याय दिसलाच नाही, तर कॉम्प्युटरची वायर जोडलीय त्या एचडीएमआयच्या इनपुटला 'पीसी' असं नाव द्या.

अक्षरं बारीक वाटली तर विंडोजमध्ये स्केल १५० टक्के करा. रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० आहे, त्याला अजिबात हात लावायचा नाही, नाहीतर अक्षरं पुसट होतील. कॉम्प्युटरमधून चित्र लहान करून बसवायचाही उपाय आहे, पण त्यानेही तेच होतं. म्हणून आधी टीव्हीतच बघा.

आई, वायर सैल झाली तरी तू स्टुलावर चढायचं नाहीस. शेजारच्या मुलाला हाक मार. आणि बाबांचे ड्रॉप्स वेळेवर, त्यांनी कितीही टाळलं तरी.

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ दिसलं की मला फोन करा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मोकळी असते.

तुमची,
छोटी