शब्दमोजणीतली 'हाव'

महोदय,

"विश्लेषण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलं?" पीएच.डी.च्या प्रगती सादरीकरणात मला आलेला पहिला प्रश्न हा. मुलाखती कोणाच्या घेतल्या, किती वेळा त्या घरी गेलात, बाया बोलायला कशा तयार झाल्या, यातलं कोणी काही विचारलं नाही. कुठल्या समितीत हे झालं ते लिहीत नाही, कारण आमच्या भागातले बरेच संशोधक विद्यार्थी हाच प्रश्न ऐकून आलेले आहेत.

माझा विषय नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेती सांभाळणाऱ्या बायांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब-राळेगाव पट्ट्यातल्या ३१ मुलाखती आहेत. अशा कामात आकडे नसतात, बोलणं असतं. त्यातलं एकेक वाक्य निवडून त्याला आपण ठरवलेलं नाव द्यायचं, म्हणजे कोडिंग. 'सावकार', 'सासरची माणसं', 'फेरफार'. पूर्वी हेच काम कात्री, रंगीत पेनं आणि पाकिटं घेऊन व्हायचं. सॉफ्टवेअरमध्ये 'फेरफार'वर क्लिक केलं की त्याबद्दल सगळ्याजणी जे बोलल्या ते एकाखाली एक दिसतं. मग सातबारा कोणाच्या नावावर चढला, कोणाचा दिराकडेच राहिला, आणि त्या दोघींच्या बोलण्यात काय फरक आहे, हे ताडून पाहता येतं. ही सोय खरीच मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण ही सोय आहे. आपलं सॉफ्टवेअर म्हणजे सालगडी. वखर कुठं फिरवायचा ते शेत ज्याचं त्यानंच सांगायचं. या सॉफ्टवेअरची जन्मकथाही तेच सांगते. १९८१ मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन रिचर्ड्स या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या कागदांचा पसारा आवरेना, म्हणून त्यांचे संगणकशास्त्रज्ञ पती टॉम यांनी प्रोग्राम लिहिला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे १९९९ मध्ये आलेलं एनव्हिवो. विचार बाईंचा होता, यंत्रानं कागद सांभाळले.

आता आमच्याकडची गंमत. मुलाखती मी तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर टाइप करून घेतल्या. त्यानं जुन्या फॉन्टात टाइप केलं. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. त्या फॉन्टात 'शेत' दिसायला देवनागरी असतं, पण संगणकाच्या पोटात वेगळीच अक्षरं साठवलेली असतात. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत आणून जोडाक्षरं एकेक तपासण्यात माझी दिवाळीची सुटी गेली. हे आधी सांगणारं कोणी भेटलं नाही. कार्यशाळा मात्र तीन झाल्या, तिन्हींत इंग्रजी मुलाखतींचे नमुने.

मग एका सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत शब्दमोजणी केली. शब्द जितक्या वेळा आला तितका मोठा दिसतो, असं रंगीत चित्र निघतं. सादरीकरणात ते भिंतीवर लावलं, आणि मधोमध सगळ्यांत मोठा शब्द 'हाव'. बाहेरून आलेले सर चष्मा सावरत म्हणाले, "शेतकरी कुटुंबांतली हाव हा तुमचा महत्त्वाचा निष्कर्ष दिसतो."

वऱ्हाडीत 'हाव' म्हणजे 'हो'. "हाव ना बाई", "हाव, गेलतो बँकेत". आमचे तिघे-चौघे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच चित्रात 'कर्ज' शोधावं लागत होतं. कर्जाचं, कर्जानं, कर्जापायी, कर्जाले हे चार वेगळे शब्द म्हणून मोजले गेले आणि चारही कोपऱ्यात बारीक होऊन बसले. मराठीचे प्रत्यय त्या मोजणीला कळत नव्हते, वऱ्हाडीचे तर दूरच. मेळघाटात कोरकूत किंवा गडचिरोलीत माडियात मुलाखती घेणाऱ्याचं काय होत असेल?

एक वाक्य सांगते. "त्याईनं मले काईच नाई सांगतलं." पहिल्यांदा मी याला 'कर्ज' हे नाव दिलं, कारण प्रश्न कर्जाचा होता. दोन महिन्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. त्या वाक्याआधी ताई बराच वेळ गप्प आहेत, मागे कोंबड्यांचा आवाज येतोय आणि त्या पराटीच्या (कपाशीच्या) काड्या मोडतायत. टाइप केलेल्या प्रतीत त्या गप्प बसण्याची एक रिकामी ओळसुद्धा नव्हती. मी नवं नाव केलं, 'न सांगणं', आणि सगळ्या मुलाखती पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. आज माझ्या प्रबंधाचं सर्वांत मोठं प्रकरण त्याच नावाचं आहे. यातलं काहीही बटण दाबून झालं नाही.

परवान्यांचं थोडक्यात सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन महिनोन्महिने अडकतं, आणि परवाना डॉलरमध्ये, मुदत संपली की पुन्हा. त्यामुळे कोणी पेन ड्राइव्हवर चोरीची प्रत फिरवतं, कोणी हातानंच काम करून प्रबंधात सॉफ्टवेअरचं नाव छापतं. समित्यांनीच ही पळवाट काढून दिली आहे. टॅगेट आणि क्वालकोडर ही मोफत, मुक्त स्रोत असलेली साधनं आहेत. दोन्ही आपल्या संगणकावर बसतात आणि कोडिंगपुरती पुरतात. लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी असेतो काम चालतं, नेट लागत नाही.

नेट लागू नये, याला आणखी एक कारण आहे. २०२३ पासून अ‍ॅटलस टीआय, मॅक्सक्यूडीए या कोडिंगच्याच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय आलं. ते कोडही सुचवतं, सारांशही काढून देतं. पण त्यासाठी मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. 'हे बोलणं माझ्यापाशीच राहील' असं मी ओसरीत बसून त्या बायांना सांगितलं आहे. दिलेल्या शब्दात सर्व्हर बसत नाही.

विद्यापीठांनी परवाने घ्यायचेच तर ग्रंथालयात दोन संगणकांवर घ्यावेत, सगळ्यांना वापरू द्यावेत. समितीनं कोडिंगच्या नावांची यादी मागावी, कोणतं नाव कधी बदललं आणि का, ते विचारावं. मी उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवली आहेत.

मोजणीतून वगळायच्या वऱ्हाडी शब्दांची यादीही केली आहे, सध्या २०० च्या वर गेली. आपल्या भागात असं काम करणाऱ्या कोणाला हवी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, युनिकोडमध्ये पाठवते. पहिला शब्द अर्थातच 'हाव'.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
(नाव संपादकांकडे दिले आहे)
ता. कळंब, जि. यवतमाळ