अकरा मागण्यांचे निवेदन

मरोळ, मुंबई

चि. निनाद यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लघुउद्योजकांच्या संघटनेत शासकीय पाठपुराव्याचे काम तू स्वीकारलेस याचा आम्हा दोघांनाही आनंद आहे. तुझ्यासमोर बाबा काही बोलले नसतील, पण शेजारच्या गाळ्यांत ती बातमी त्यांनीच पोहोचवली आहे. उद्योगमंत्र्यांना द्यायच्या निवेदनाचा तू पाठवलेला मसुदा मी नीट वाचला. भाषा नेटकी आहे, तरीही तो आहे तसा जाऊ नये असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे फोनवर सांगण्यापेक्षा लिहिलेली बरी.

मसुद्यात अकरा मागण्या आहेत. विजेचा दर मंत्री ठरवत नाहीत, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. मालमत्ता कर महापालिकेचा आणि आयटीआयचे अभ्यासक्रम कौशल्य विकासाकडचे. असे निवेदन मंत्रालयात गेले की त्याला आवक क्रमांक पडतो, पोच मिळते, फोटो निघतो आणि कक्ष अधिकारी ‘संबंधित विभागाकडे’ असा शेरा मारून कागद पुढे सरकवतो. त्यात त्याला दोष देता येत नाही. विजेबद्दल बोलायचे असेल तर २००३ च्या विद्युत कायद्यानेच जागा दिलेली आहे: दरनिश्चितीची याचिका आली की लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या जातात. तिथे सभासदांची वर्षभराची बिले, मंजूर भार आणि स्थिर आकार यांचा तक्ता घेऊन जा. ‘उद्योग मेटाकुटीला आला आहे’ या वाक्याचा तिथे काही उपयोग होत नाही.

भांडवली अनुदानाची मागणीही काढून टाक. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली ती मुळात उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर नेण्यासाठी. मुंबईतल्या कारखानदाराने त्याच योजनेतून अनुदान मागितले की समोरच्याला नकार द्यायला धोरणाचाच आधार मिळतो, आणि आपली उरलेली बाजूही हलकी पडते.

थकलेल्या बिलांचा मुद्दा मात्र तू नवव्या क्रमांकावर दोन ओळींत उरकला आहेस आणि ‘यासाठी कायदा करावा’ असे लिहिले आहेस. निनाद, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालीच झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे थकबाकीचे वाद निकाली काढणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, जाते. तिचा निवाडा खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतका कडक कायदा हाताशी असताना पैसे का अडकतात, याचे उत्तर निवेदनात यायला हवे.

त्याचे एक कारण मी रोज पाहते. आपला टेम्पो माल घेऊन मोठ्या कारखान्याच्या फाटकावर जातो, सुरक्षारक्षक चलनावर शिक्का मारतो, पण त्यातली तारीख पुसट असते किंवा नसतेच. आत स्टोअरवाले सवडीने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, काढतात आणि त्यांचा लेखा विभाग दिवस मोजतो तो जीआरएनपासून. कायदा मात्र माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस धरतो, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असेच मानतो. म्हणून शिक्क्याखाली पेनाने तारीख घालून सही घेतल्याखेरीज फाटक सोडायचे नाही, असे मी टेम्पोवाल्याला बजावून ठेवले आहे. हे साधे काम तुमच्या संघटनेने छापील चलनाचा एक नमुना करून प्रत्येक सभासदाला दिला तरी होण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याची गरज नाही.

दुसरे कारण तुला ठाऊकच आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? एका गाळेवाल्याने परिषदेत अर्ज केला की पुढची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. इथेच संघटनेचा खरा उपयोग आहे, कारण एकट्याला जे बोलता येत नाही ते ती सगळ्यांच्या वतीने, नावे न घेता बोलू शकते. सुविधा परिषदेवर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या संघटनांचा प्रतिनिधी असावा, असे कायद्याच्या २१ व्या कलमातच आहे. आपल्या भागातल्या परिषदेवर सध्या कोण बसते, बैठका किती होतात, ९० दिवसांची मुदत असलेली प्रकरणे किती काळ पडून आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागव. ‘परिषदेच्या बैठका ठरावीक दिवशी घ्याव्यात आणि प्रलंबित प्रकरणांची यादी दरमहा जाहीर करावी’ ही मागणी उद्योग विभागाला स्वतःच्या अधिकारात मान्य करता येते. निवेदनात तेवढीच ठेव.

मागणी करताना तिचा उलटा परिणाम कोणावर होईल, हेही आधी पाहत जा. वेळेत न दिलेल्या पैशांची वजावट त्या वर्षी खरेदीदाराला मिळू नये, अशी तरतूद आयकर कायद्याच्या ४३ब कलमात आली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. हेतू चांगला होता, पण खरेदीदार सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी नसलेल्यांकडे वळतील या धास्तीने तेव्हा बरेच लहान पुरवठादार हवालदिल झाले होते. असे पुरवठादार तुला सभेत भेटणार नाहीत. सभेला येतो तो व्यवस्थापक ठेवू शकणारा कारखानदार. साकीनाक्याला पोटमाळ्यावर एका लेथवर काम करणारा माणूस मशीन सोडून येत नाही. त्याच्याकडे तूच जा आणि आधी त्याची ती नोंदणी, म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी, करून घे, कारण नोंदणीनंतर माल गेला तर पुढचे वाद टळतात.

भागीदारीचा परिच्छेद मात्र मला आवडला, फक्त तो फार मोघम आहे. गेज आणि मायक्रोमीटर तपासून घ्यायला चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. वीस गाळ्यांची उपकरणे एका दिवशी एका गाडीतून तिथे पाठवण्याची व्यवस्था संघटनेने केली तर प्रत्येकाचा अर्धा दिवस वाचेल. त्रिमितीय मोजणी यंत्र एकट्याला परवडत नाही. ते केंद्राच्या क्लस्टर योजनेतल्या सामूहिक सुविधा केंद्रात बसवता येते, पण त्यासाठी सभासदांना कंपनी स्थापून आपला वाटा आधी भरावा लागतो. अनुदान मिळवणे त्यातल्या त्यात सोपे. यंत्रावर पहिला नंबर कोणाचा यावरून जी भांडणे होतील ती मिटवायला तुझी खरी कसोटी लागेल. त्याचे नियम पैसे गोळा करण्यापूर्वीच लिहून घे.

सुधारलेला मसुदा पाठव. सोबत जोडायच्या तक्त्यासाठी आपल्या गाळ्याची मागील वर्षाची चलने आणि बँकेत पैसे जमा झाल्याच्या तारखा मी काढून ठेवते. खरेदीदारांची नावे तेवढी झाकायची आहेत.

तुझी,
आई