नुसता वेग छापू नका

संपादक महोदय,

विजेच्या साह्याने हायड्रोजन बनवणाऱ्या नव्या उत्प्रेरकाची बातमी आली की ‘सेकंदाला इतके रेणू’ हा आकडा ठळक छापला जातो. तो एकटा पुरत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या निकेल संयुगाने सेकंदाला हायड्रोजनच्या सुमारे १,०६,००० रेणूंचा वेग गाठला. पण त्यासाठी किमान गरजेपेक्षा ०.६ व्होल्टहून जास्त विद्युतदाब खर्ची पडला.

त्या निकेल संयुगाच्या रेणूची रचना मात्र फारच सुरेख आहे. दोन लिगँडचे (धातूला जोडलेल्या सेंद्रिय रेणूंचे) चार फॉस्फरस निकेलला धरून ठेवतात. लिगँडमधला नायट्रोजन मोकळा राहतो आणि प्रोटॉन उचलून निकेलवरच्या हायड्राइडपाशी, म्हणजे ऋणभारित हायड्रोजनपाशी, पोचवतो. सूक्ष्मजीवांत हायड्रोजन बनवणाऱ्या हायड्रोजनेज एन्झाइममध्येही अशीच सोय आहे. नायट्रोजन जास्त आम्लारिधर्मी केला, तर प्रोटॉन त्याच्यापाशीच अडकतो. फार कमी आम्लारिधर्मी केला, तर तो प्रोटॉन घेतच नाही.

खरी फसगत पुढे होते. अशा उत्प्रेरकांत कधीकधी लिगँड सुटून धातूचा, डोळ्यांना न दिसणारा थर इलेक्ट्रोडवर बसतो. वीजप्रवाह त्या थराचा, श्रेय मात्र उत्प्रेरक रेणूला! प्रयोगानंतर इलेक्ट्रोड न घासता स्वच्छ द्रावकाने धुवावा आणि उत्प्रेरक नसलेल्या ताज्या आम्लयुक्त द्रावणात त्याच विद्युतदाबाला चालवावा. प्रवाह कोऱ्या इलेक्ट्रोडपेक्षा जास्त राहिला, तर काम थर करतोय. शिवाय प्रवाह म्हणजे हायड्रोजन नव्हे. वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायूंचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलाच पाहिजे.

बातमीत वेगाशेजारी जास्तीचा विद्युतदाब, आम्ल, द्रावक आणि प्रयोग किती तास चालला, एवढे तरी छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे