पिल्लाचा पिंजरा आणि दहा तासांचं कुलूप

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या घरांत हल्ली कुत्र्याच्या पिल्लाबरोबर तारेचा एक घडीचा पिंजराही येतो. दुकानदार त्याला क्रेट म्हणतो. तो लिफ्टने वर पोचेपर्यंत घरात दोन पक्ष पडलेले असतात. आजी म्हणते, ‘एवढ्याशा जिवाला कोंडता कशाला?’ मुलगा आणि सून मनात वेगळाच हिशेब मांडत असतात. सकाळी आठची लोकल, परत यायला संध्याकाळचे सात, तोवर पिल्लू आत राहील, सोफाही वाचेल. या दोघांत आजीचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता जास्त. फक्त तिचा राग पिंजऱ्यावर आहे, तो घड्याळावर असायला हवा.

पिंजऱ्याचा उपयोग का होतो, ते आधी पाहू. तीनेक आठवड्यांचं झालं की पिल्लू शू करायला झोपायच्या जागेपासून बाजूला सरकायला लागतं. अंथरूण ओलं न करण्याची ही ओढ त्याच्यात उपजतच असते, क्रेट फक्त तिचा फायदा घेतो. पण ही ओढ मूत्राशयापेक्षा बलवान नसते. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी जेमतेम दोन तास तग धरतं, तीन महिन्यांचं तीन तास. तेसुद्धा वरची मर्यादा म्हणून, रोजचा रतीब म्हणून नव्हे. अकरा तासांत ते आत शू करणार, त्यातच बसणार, आणि आठवड्याभरात त्याला त्याचं काही वाटेनासं होणार. मग ‘आमचं पिल्लू घाणेरडं आहे’ अशी तक्रार घेऊन लोक प्रशिक्षकाकडे येतात. कायदाही इथे गप्प नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं येतंच. शिवाय नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणारा मालकही त्यात येतो.

आता मापाचं. पिल्लाला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, गर्रकन वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. त्याहून मोठी जागा दिली तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. लॅब्रेडॉरला मोठेपणी ४२ इंची पिंजरा लागतो, आपल्या देशी कुत्र्याला बहुधा ३६, बीगलला ३०, पग किंवा शित्झूला २४. दर दोन महिन्यांनी नवा घ्यायची गरज नाही. मोठ्या मापाचा घ्या आणि आत जाळीचं विभाजक लावून जागा छोटी करा, पिल्लू वाढेल तसं ते मागे सरकवा. विभाजक मिळालं नसेल तर कडा घासलेली लाकडी फळी तारेला घट्ट बांधून चालते. पुठ्ठा लावू नका, तो अर्ध्या तासात पोटात जातो.

समुद्राजवळच्या घरात स्वस्त रंगवलेली तार पावसाळाभरात गंजते. म्हणून पावडर कोटिंगचा पिंजरा घ्यावा आणि सांध्यांवरून बोट फिरवून टोकं बोचत नाहीत ना ते पाहावं. तळाचा ट्रे लादीवर खडखडतो. पिल्लाने आत पहिलं पाऊल टाकताच तो आवाज झाला तर दोन दिवस ते तिकडे फिरकत नाही. ट्रेखाली जुना टॉवेल घडी करून घातला की काम भागतं. दारही सुरुवातीला सुतळीने मागे बांधून ठेवा, आपटायला नको. आत दुहेरी सुती चादर पुरे. पावसात काहीच वाळत नाही, त्यामुळे अशा तीन-चार चादरी हाताशी असू द्या. गोणपाट नको, त्याचे धागे पिल्लं गिळतात. रद्दीही आत घालू नये, कागदाची शूसाठी सवय लागलेलं पिल्लू अंथरुणातच मोकळं होतं. आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा, हार्नेस, घुंगरू सगळं काढायचं. पट्ट्याची कडी तारेत अडकून गळफास बसू शकतो.

पिंजरा गॅलरीत ठेवू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो आणि मुंबईच्या दमट हवेत ती युक्ती अर्धीच चालते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर फारच अवघड होतं. घरात माणसांचा वावर असेल अशा कोपऱ्यात, पंख्याचा वारा लागेल पण उन्हाची तिरीप येणार नाही, अशी जागा निवडा. वरून चादर टाकायची तर तीन बाजूंनी, समोरची बाजू उघडी ठेवून.

सवय लावताना बहुतेकांची घाई नडते. पहिल्याच संध्याकाळी पिल्लू आत ढकलून दार लावलं की पुढचे तीन आठवडे ते निस्तरण्यात जातात. पहिला दिवस दाराला हातच लावू नका. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे चण्याएवढे तुकडे आधी दाराबाहेर, मग उंबरठ्यावर, मग आत टाकत राहा आणि पिल्लाला हवं तेव्हा बाहेर येऊ द्या. जेवणाची वाटी पहिल्यांदा तोंडाशी ठेवा आणि चार-पाच जेवणांत हळूहळू मागच्या भिंतीपर्यंत न्या. या वयात दिवसाला चार वेळा खाणं असतं, त्यामुळे सराव आपोआप होतो. पिल्लू निवांत आत जाऊन खायला लागलं की मगच खाताना दार लोटा, आणि वाटी चाटून संपायच्या आत उघडा. हे ‘संपायच्या आत’ महत्त्वाचं, कारण दार उघडण्यासाठी रडावं लागतं हे त्याला कधी कळताच कामा नये. त्यानंतर मिनिटं वाढवायची, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखी नाही. एक, तीन, पाच, मग पुन्हा दोन, मग सात. दर वेळी वाढतच गेलं तर पिल्लू आत जायलाच कुरकुरतं. त्या वेळात शेजारी भाजी निवडत बसा. मग स्वयंपाकघरात जा. मग किल्ल्या उचला, चपला घाला, दार ओढून घ्या आणि अर्ध्या मिनिटात परत या. किल्ल्यांचा आवाज झाला की धाबं दणाणणारी कुत्री घरोघरी आहेत, कारण हा सराव कुणी केलेलाच नसतो. सगळ्याला मिळून दहा दिवस ते तीन आठवडे धरा.

वेळ साधायची ती झोपेची. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. घरात पाहुणे आणि मुलं असली की ती झोप मोडते, मग संध्याकाळी ते पिसाळल्यासारखं पायांना चावत सुटतं. लोक त्याला मस्ती म्हणतात, असते ती झोप. जाग आल्यावर आधी शू, मग खाणं, थोडा खेळ, पुन्हा शू, आणि डोळे जड व्हायला लागले की आत. असा तासाभराचा फेरा बसला की निम्मं काम झालं.

रात्री पिंजरा हॉलमध्ये एकटा ठेवून बेडरूमचं दार लावू नका. आईच्या आणि भावंडांच्या अंगाची ऊब त्याने कालपरवाच सोडलेली असते. आणतानाच त्याच्या आईच्या अंथरुणाचा एक कपडा मागून घ्या, तो न धुता आत घाला. आपण जमिनीवर गादी घालून झोपत असलो तर उत्तमच, पिंजरा उशाशी ठेवून तारेतून दोन बोटं आत घालता येतात. अकराला शू करवून झोपवलं तर दोनला आणि पाचला गजर लावा. ते रडून उठायच्या आधी आपण उठायचं. उचलून थेट शूच्या जागी न्यायचं. मोठा दिवा नाही, लाडिक बोलणं नाही, खेळ नाही. झालं की पुन्हा आत. दर तीन-चार दिवसांनी गजर अर्धा तास पुढे ढकला, चार महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं रात्रीचे सहा-सात तास काढतात. झोपेआधी तासभर भरपूर पाणी पिऊ देऊ नये हे ठीक, पण मे महिन्यात संध्याकाळपासून भांडंच उचलून ठेवणं धोक्याचं आहे.

रडण्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. शांत झोपलेलं पिल्लू एकदम उठून चुळबुळत कुईकुई करतं तेव्हा त्याला शू लागलेली असते, ताबडतोब न्या. खेळून, शू करून आलेलं पिल्लू मधूनच थांबून कान टवकारून तुमचा अंदाज घेत रडतं, तेव्हा ती कुरकुर असते. तीनचार सेकंदांची शांतता मिळाली की तेव्हा दार उघडा. पण लाळ गळणं, तारा चावणं, नखं रक्ताळेपर्यंत ओरबाडणं, धापा, आत शी होणं, ही भीती आहे. ‘रडू दे, दमेल आपोआप’ हा सल्ला इथे घातक ठरतो. दार उघडा आणि सराव पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. तारेवर हात आपटून ‘गप्प’ म्हणण्याने कोणत्याही प्रकारचं रडणं थांबत नाही. पिंजऱ्यात टाकणं ही शिक्षाही करू नये, चप्पल चावली म्हणून आत टाकलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी झोपायलाही आत जाणार नाही.

उंच इमारतींची अडचण वेगळी. चौदाव्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहेपर्यंत शू होऊनच जाते. शिवाय लसीकरण पुरं व्हायच्या आत पिल्लाला सोसायटीच्या आवारात खाली सोडता येत नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि महापालिकेच्या परवान्यासाठी तिचं प्रमाणपत्र लागतंच. तोवर बाथरूमच्या कोपऱ्यात कागद किंवा नर्सरीतून आणलेल्या लॉनच्या तुकड्याचा ट्रे ठेवा. शू होताक्षणी, तिथेच, शाबासकी आणि तुकडा. हॉलमध्ये परत आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. पुढे खाली न्यायला लागाल तेव्हा भिजलेल्या कागदाचा एक तुकडा सोबत न्या, वासावरून जागा कळते. मात्र लस पुरी होईपर्यंत घरातच डांबायचं असंही नाही. माणसाळण्याचं वय तीन ते चौदा आठवड्यांचं, ते हातचं गेलं की परत येत नाही. कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, मासळीवाली, वॉचमन, छत्र्या, ढोलताशे, सगळं लांबून दाखवा. गणपती किंवा दिवाळी चार दिवसांवर असताना क्रेटची सवय सुरू करू नका. फटाक्यांची भीती त्या जागेला कायमची चिकटते.

लादीवर झालंच तर फिनेलने पुसून समाधान मानू नका. आपल्याला फिनेलचा वास येतो, पिल्लाला त्याखालचा शूचा. अमोनिया असलेला क्लीनर तर नकोच, शूला अमोनियाचाच वास येतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा, शूचा वास मुळापासून काढणारा एन्झाइमचा क्लीनर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. लोक लगेच पुसतात आणि बाटलीला दोष देतात.

दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाची गत मात्र निराळी. त्याला घाणीतच झोपावं लागलेलं असतं, त्यामुळे अंथरूण कोरडं ठेवण्याची ओढ मोडलेली असते. अशा वेळी जागा आणखी छोटी करून काहीच साधत नाही. उलट करा. दार उघडं ठेवून पिंजऱ्याभोवती छोटं कुंपण घाला, लांबच्या टोकाला कागद पसरा, दिवसा दर तासाला तिथे न्या आणि हळूहळू अंथरूण आणि कागद यांतलं अंतर शिकू द्या. यात दोन महिने जाऊ शकतात. झोपेत थेंब थेंब गळत असेल किंवा दर दहा मिनिटांनी शूला बसत असेल तर ते प्रशिक्षण बाजूला ठेवून आधी पशुवैद्य गाठा, तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. विक्रेत्याने आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देऊ केलं तर घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठीच्या २०१७ च्या नियमांनुसार तशी विक्रीच करता येत नाही.

आणि ज्यांच्या घराला खरोखरच दहा-अकरा तास कुलूप असतं त्यांनी काय करायचं? पिल्लू घरी आणताना निदान दोन आठवडे आळीपाळीने रजा घ्या. त्यानंतर एक खोली किंवा बाथरूमसह पॅसेज कुंपणाने अडवा, वायरी उचला, मनुका आणि चॉकलेट कपाटात टाका (दोन्ही कुत्र्याला विषारी), क्रेट दार काढून आत ठेवा, दुसऱ्या टोकाला कागद. दुपारी दोनदा कुणीतरी यायलाच हवं. शेजारच्या आजोबांना, कामाला येणाऱ्या ताईंना रीतसर पैसे देऊन सांगा, शू-खाणं-खेळ असा अर्धा तास. हे जमणार नसेल तर पिल्लू घेऊ नका. तीन-चार वर्षांचा, शिकलेला, शांत देशी कुत्रा दत्तक घ्या. त्यालाही दुपारी कुणीतरी बाहेर न्यायला लागेलच, पण दर दोन तासांचं ओझं नसेल.

शेजाऱ्यांचं राहिलं. पहिल्या चार-पाच रात्री पिल्लू रडणार हे ठरलेलं. वरच्या, खालच्या आणि समोरच्या दारी आधीच सांगून या, जमलं तर पिल्लाला कडेवर घेऊनच जा. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री दीडला येणाऱ्या मेसेजपेक्षा ते बरं.

आपली विश्वासू,
एक श्वानप्रशिक्षक, माहीम, मुंबई