माझ्या नवऱ्याच्या सहीशिवाय लागलेला निकाल : रशियाच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
श्रीमती एला अलेक्सांद्रोव्हना पाम्फिलोव्हा,
अध्यक्ष, केंद्रीय निवडणूक आयोग,
रशियन महासंघ, मॉस्को

आदरणीय एला अलेक्सांद्रोव्हना,

८ जुलै २०२५ रोजी ‘गोलोस’ या निवडणूक निरीक्षकांच्या चळवळीने आपले काम बंद करत असल्याचे जाहीर केले, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. २००० सालापासून मतदान केंद्रांवर निरीक्षक बसवणारी, गैरप्रकारांच्या तक्रारी नकाशावर नोंदवून त्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवणारी ही माणसे थकली म्हणून थांबलेली नाहीत. त्यांचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यान्त्स यांना १४ मे रोजी मॉस्कोच्या बास्मानी न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्याआधी ऑगस्ट २०२३ पासून ते कोठडीतच होते. सरकारने ‘अनिष्ट’ ठरवलेल्या एका युरोपीय निरीक्षक संघटनेचे काम त्यांनी रशियात चालवले, असा आरोप ठेवला गेला. अशा निकालानंतर त्यांच्याबरोबर काम केलेल्या कोणाही स्वयंसेवकावर तोच आरोप ठेवता येतो, आणि त्या माणसांना वाचवायचे तर दार लावून घेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

मी मूळची सोलापूरची. वडील गिरणीत होते, लाल बावट्याच्या युनियनचे होते, आणि सोव्हिएत संघात शिकायला जाण्याची संधी मला मिळाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. लेनिनग्राडला शिकले, तिथेच लग्न केले, पुढे रशियाचे नागरिकत्व घेतले. ते शहर सेंट पीटर्सबर्ग झाले तेव्हा मी तिथेच होते. आता नवरा गेल्यावर माहेरी परत आले आहे, पण पारपत्र रशियाचेच आहे आणि मतदार म्हणून मला आपल्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. रशियनमध्ये लिहिले असते तर ते पुढे पाठवणाऱ्या तिथल्या मैत्रिणींना त्याचा जाब द्यावा लागला असता, म्हणून मराठीत लिहिते आहे. मॉस्कोत मराठीचा अभ्यास अनेक दशके होत आला आहे, त्यामुळे भाषांतर करून घेणे आयोगाला जड जाणार नाही.

आपण मार्च २०१६ मध्ये या पदावर आलात तेव्हा आमच्या घरात खरोखर आनंद झाला होता. आपल्या आधीचे अध्यक्ष चुरोव यांच्या काळात, डिसेंबर २०११ च्या दुमाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीनंतर, आम्ही दोघे कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरलेल्या लोकांत होतो. मॉस्कोत बोलोत्नाया चौक आणि साखारोव्ह मार्ग माणसांनी भरून गेला होता, आणि त्या सगळ्यांचे मागणे फक्त मते नीट मोजावीत एवढेच होते. आपण येल्त्सिन यांच्या मंत्रिमंडळात होतात, २००० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या पहिल्या महिला होतात, मानवी हक्क परिषदेच्या प्रमुख होतात, आणि २०१० मध्ये ते पद आपण स्वतःहून सोडले होते. निवडणुकांचे काम नीट पार पाडता आले नाही तर हेही पद सोडण्याची तयारी आपण २०१६ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली होतीत. माझ्या नवऱ्याने त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि म्हणूनच, इतकी वर्षे नको म्हणत आलेला माणूस, तो शिकवत असलेल्या शाळेने सांगितल्यावर मतदान केंद्राच्या आयोगाचा सदस्य व्हायला तयार झाला.

तो विश्वास एकदा खरा ठरताना आम्ही पाहिलाही. सप्टेंबर २०१८ मध्ये अतिपूर्वेकडच्या प्रिमोर्ये प्रांताच्या गव्हर्नरपदाच्या दुसऱ्या फेरीत कम्युनिस्ट पक्षाचे आंद्रेई इश्चेन्को जवळजवळ सगळी मतमोजणी संपेपर्यंत आघाडीवर होते, आणि अगदी शेवटच्या काही केंद्रांचे आकडे आल्यावर ते अचानक मागे पडले. आपल्या आयोगाने त्या वेळी निकाल रद्द करण्याची शिफारस केली आणि तो रद्द झाला. त्या दिवशी आपण आपले काम केलेत, हे मी आजही म्हणेन. पण डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली तेव्हा ज्यांची मते लुटली गेली होती ते इश्चेन्को मतपत्रिकेवरच नव्हते, कारण गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला नगरसदस्यांच्या सह्या आणाव्या लागतात आणि ते नगरसदस्य बहुतेक ठिकाणी सत्ताधारी पक्षाच्या मुठीत असतात. चोरी पकडली गेली आणि शिक्षा मात्र ज्याच्या घरी चोरी झाली त्याला मिळाली. त्यावर आयोगाने काय केले?

आता २०२१ विषयी लिहिते, आणि हे लिहिताना माझा हात स्थिर राहत नाही. दुमाची निवडणूक १७ ते १९ सप्टेंबर अशी तीन दिवस चालली. तीन दिवसांच्या मतदानाची ही पद्धत २०२० मध्ये, साथीच्या वर्षी, कायद्यात आणली गेली, आणि साथ ओसरल्यावरही ती तशीच राहिली. पहिल्या दोन रात्री मतपत्रिका मोहोरबंद पिशव्यांत, तिजोरीच्या खोलीत पडून असतात आणि त्या खोलीच्या दाराशी कोणत्याही निरीक्षकाला रात्रभर बसता येत नाही. तिसऱ्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत मोजणी झाली. माझे पती भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, आकड्यांशी त्यांचे आयुष्यभराचे नाते होते, आणि त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याचा आकडा आपल्या वहीत उतरवला होता. भिंतीवर लावलेल्या मोठ्या तक्त्यावर ते आकडे लिहिण्याआधी केंद्राच्या आयोगाच्या अध्यक्ष बाई, ज्या त्याच शाळेत पदाधिकारी होत्या, फोन घेऊन बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळाने छापील निकालपत्रक घेऊन परत आल्या. त्यातले आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळत नव्हते. एकामागून एक शिक्षिकांनी मान खाली घालून सह्या केल्या. माझ्या पतींनी सही केली नाही, कायद्याने सदस्याला दिलेला हक्क वापरून आपले वेगळे मत लिहून दिले आणि ते निकालपत्रकाला जोडावे असे सांगितले.

ते जोडले गेले नाही. बहुसंख्य सदस्यांच्या सह्या असल्या की निकालपत्रक वैध ठरते, त्यामुळे त्यांच्या सहीची कोणाला गरजच नव्हती. वर केलेली तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती त्यांच्याकडेच चौकशीसाठी गेली आणि गैरप्रकार आढळला नाही असे दोन ओळींचे उत्तर आले. पुढच्या शालेय वर्षात त्यांचे तास कमी झाले, मग वर्ग काढून घेतले गेले, आणि तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवलेला माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहू लागला. ज्या सहकारी शिक्षिकांनी सही केली होती त्या जिन्यात भेटल्या की नजर चुकवायच्या, आणि त्यांच्यावर राग धरणेही मला जमले नाही, कारण त्यांचा पगार, त्यांची घरे, त्यांच्या मुलांच्या नोकऱ्या हे सगळे त्याच यंत्रणेच्या हातात आहे. एला अलेक्सांद्रोव्हना, तुमच्या हजारो मतदान केंद्रांवर ही लबाडी शिक्षिकांकडून करून घेतली जाते. मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या बायकांना तुम्ही खोट्या कागदावर सह्या करायला बसवता, आणि त्याला निवडणूक म्हणता.

त्याच वर्षी आमच्या शहरात विधानसभेच्या निवडणुकीत विरोधी याब्लोको पक्षाचे बोरिस विश्नेव्स्की यांच्यासमोर आणखी दोन बोरिस विश्नेव्स्की उभे केले गेले. दोघांनी नावे बदलून घेतली होती, चेहरेही तसेच दिसतील अशा दाढ्या वाढवल्या होत्या. तुम्हीही त्याची निंदा केलीत, पण तिघांची नावे आणि फोटो मतदारांसमोर तसेच राहिले. मॉस्कोत गणिताचे प्राध्यापक मिखाईल लोबानोव्ह कागदी मतांच्या मोजणीत पुढे होते, आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक मते त्यात मिळवल्यावर सरकारी दूरदर्शनचे निवेदक येवगेनी पोपोव्ह विजयी ठरले. त्या इलेक्ट्रॉनिक मतांची फेरमोजणी कोणाही सामान्य निरीक्षकाला करता येत नाही. २०१२ पासून मतदान केंद्रांत बसवलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोणालाही घरबसल्या पाहता येत होते, ते २०२१ मध्ये सामान्य लोकांसाठी बंद झाले. आयोगाच्या संकेतस्थळावरचे आकडे डोळ्यांना दिसतील पण अभ्यासकाला संगणकावर उतरवून घेता येणार नाहीत असे गुंतवून ठेवले गेले. भौतिकशास्त्रज्ञ सर्गेई श्पिल्किन यांनी तरीही हिशेब मांडला आणि त्या निवडणुकीत सुमारे १.४ कोटी मते संशयास्पद असल्याचा अंदाज दिला. सत्ताधारी ‘एकसंध रशिया’ला ४५० पैकी ३२४ जागा मिळाल्या.

ज्यांना हे मान्य नव्हते त्यांचे काय झाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मॉस्को शहर दुमासाठी, म्हणजे शहराच्या विधिमंडळासाठी, स्वतंत्र उमेदवारांचे अर्ज सह्या खोट्या असल्याचे सांगून फेटाळले गेले, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलायला बसलात, आणि काही दिवसांनी, २७ जुलैला, रस्त्यावर हजाराहून अधिक लोक पकडले गेले. त्या उमेदवारांपैकी इल्या याशिन पुढे युक्रेनवरच्या युद्धाविषयी खरे बोलल्याबद्दल साडेआठ वर्षांच्या शिक्षेवर गेले आणि २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत देशाबाहेर काढले गेले. नगरसदस्य अलेक्सेई गोरिनोव्ह यांना सभागृहात युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल सात वर्षे मिळाली. अतिपूर्वेकडच्या खाबारोव्स्क प्रांतातल्या लोकांनी निवडलेले गव्हर्नर सर्गेई फुर्गाल २०२० मध्ये पकडले गेले, लोक महिनोन्महिने रस्त्यावर चालले, आणि फुर्गाल यांना २०२३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. विरोधी पारनास पक्ष २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केला. संसदेत बसलेले बाकीचे पक्ष विरोधी म्हणवतात, पण युद्धाच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रश्नावर त्यांचे हात सत्ताधाऱ्यांच्या बरोबरीने वर जातात.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये येकातेरिना दुन्त्सोवा यांचा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा अर्ज कागदपत्रांतल्या चुकांमुळे फेटाळताना, तुम्ही तरुण आहात, सगळे आयुष्य तुमच्यापुढे आहे, असे तुम्ही त्यांना सांगितलेत. पुढच्या महिन्यात युद्धाला विरोध करणारे इच्छुक उमेदवार बोरिस नादेझ्दिन यांच्यासाठी सही करायला लोक बर्फात रांगा लावून उभे राहिले. त्या रांगेत आम्ही दोघेही होतो, आणि कित्येक महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याला अनोळखी माणसांशी मोकळेपणाने बोलताना ऐकले. तुमच्या आयोगाने तपासलेल्या साठ हजार सह्यांपैकी नऊ हजारांहून अधिक बाद ठरवल्या आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला ती दारेही बंद झाली. आठ दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, ध्रुवीय प्रदेशातल्या तुरुंगात विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी मरण पावले, ज्यांना २०१७ च्या डिसेंबरमध्ये तुमच्याच आयोगाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू दिले नव्हते. १७ मार्चला दुपारी बारा वाजता मतदान केंद्रांवर जमण्याचे त्यांचे शेवटचे आवाहन होते. त्या दुपारी आम्ही रांगेत उभे राहिलो, बोललो काहीच नाही. तुम्ही पुतिन यांना ८७.२८ टक्के मते जाहीर केलीत, चेचन्यात जवळजवळ ९९ टक्के, आणि त्या बेरजेत दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन या युक्रेनच्या व्याप्त भागांत सैनिकांच्या बंदुकांच्या सावलीत गोळा केलेली मतेही धरलीत.

माझ्या पतींचे त्यानंतर काही महिन्यांनी निधन झाले. त्यांची ती वही माझ्याकडे आहे.

माझ्या मागण्या या आहेत. ग्रिगोरी मेल्कोन्यान्त्स यांनी आयुष्यभर निवडणूक कायद्याचेच काम केले, हे आयोगाच्या अध्यक्ष या नात्याने तुम्ही जाहीरपणे सांगावे आणि त्यांच्या सुटकेची मागणी करावी. प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल कोणालाही उतरवून घेता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करावा, २०२१ चे आणि २०२४ चेही. कॅमेऱ्यांचे चित्रण पुन्हा सर्वांसाठी खुले करावे. सदस्यांनी लिहून दिलेली वेगळी मते निकालपत्रकांना जोडून जनतेला वाचायला द्यावीत. त्यांत माझ्या पतींचे एक पान असेल, आणि ते नसेल तर ते कुठे गेले याची चौकशी व्हावी. यापैकी काहीही करणे तुमच्या हातात नसेल तर २०१६ मध्ये बोलून दाखवल्याप्रमाणे पद सोडावे. २०१० मध्ये तुम्ही ते एकदा केले आहे.

नागरिकाच्या अर्जाला तीस दिवसांत लेखी उत्तर देणे २००६ च्या रशियन कायद्याने बंधनकारक आहे. ते उत्तर खालच्या आयोगाकडून आलेले मला नको, तुमच्या सहीचे हवे.

रशियन महासंघाची एक मतदार
सोलापूर, जुलै २०२५