किती ठरवायचे, किती सोडायचे

इंदूर

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. तू लिहिले आहेस की वर्गात एक अध्यापक इमारतीचा आकार तिच्या उपयोगातूनच जन्मला पाहिजे असे शिकवतात, दुसरे तोच विचार कालबाह्य झाल्याचे सांगतात, आणि ग्रंथालयातली पुस्तके चाळावीत तर प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीला खोडून काढलेले दिसते. मग आज जिवाचे रान करून शिकलेले उद्या टाकूनच द्यायचे असेल, तर शिकावे तरी काय? तिसऱ्या वर्षातच तुला हा प्रश्न पडला याचा मला आनंद झाला. पुष्कळांना तो कधीच पडत नाही आणि ते आयुष्यभर चालू रीतीच्या मागे धावत राहतात.

मी उत्तर देते ते इंदूरच्याच आधाराने, कारण माझे सारे नकाशाकाम याच शहरात झाले आणि पावणेतीनशे वर्षांतले बांधकामाचे विचार इथे काही मैलांच्या आत उभे आहेत. त्यांच्याकडे शैलींची रांग म्हणून पाहिले तर तुझी निराशा योग्य ठरेल. मला मात्र त्या रांगेच्या खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला दिसतो: बांधणाऱ्याने किती ठरवायचे आणि राहणाऱ्यासाठी किती सोडायचे? कमानी, घुमट, सपाट छपरे हे सारे त्या प्रश्नाच्या उत्तरांचे वरवर दिसणारे रूप आहे.

राजवाड्यापासून सुरुवात कर. मल्हारराव होळकरांच्या काळात उभारायला घेतलेल्या या वास्तूचे दर्शनी प्रवेशद्वार सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. आज ज्या अर्थाने आपण वास्तुकार म्हणतो तसा कोणी त्या काळी नव्हता. पाथरवट, गवंडी आणि सुतार होते, आणि त्यांच्याजवळ खणाचे माप होते. लाकडाची तुळई किती लांबीची मिळते यावर दोन खांबांमधले अंतर ठरे, त्या अंतरावरून खोली ठरे, आणि खणाला खण जोडत वाडा वाढत जाई. घर वाढले तर मागे आणखी एक चौक पडे. सोप्यावर सकाळी हिशेबाच्या वह्या उघडत, दुपारी तिथेच धान्य निवडले जाई आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणे पडत. त्या जागेवर कोणी एका कामाचे नाव कोरून ठेवलेले नव्हते. म्हणजे सांगाडा अत्यंत काटेकोर आणि त्याच्या आतला वापर पुष्कळसा मोकळा. राजवाडा तीनदा आगीत सापडला, शेवटचा १९८४ च्या दंगलीत, आणि त्यानंतर त्याचा मागचा भाग जुन्या पद्धतीने पुन्हा उभा करता आला. माझ्या मते हे शक्य झाले, कारण ती विद्या मापात आणि कारागिरांच्या हातात होती. ती कोणा एकाच्या कल्पनेत अडकलेली नव्हती.

गांधी हॉलपाशी आले की परिस्थिती पालटलेली दिसते. १९०४ साली बांधलेली ही इमारत तेव्हा किंग एडवर्ड हॉल म्हणून ओळखली जाई आणि तिचे आराखडे मुंबईचे वास्तुकार स्टीव्हन्स यांचे होते. इथे ठरवणारा एक आणि बांधणारा दुसरा झाला. कागदावर आधी सगळे निश्चित करायचे आणि मग गवंड्याने ते दगडात उतरवायचे, ही रीत आपल्याकडे याच काळात पक्की झाली. तू ज्या पेशाची पदवी घेणार आहेस त्याचा उगमही तोच. लालबागेबद्दल, म्हणजे होळकरांच्या दुसऱ्या राजवाड्याबद्दल, मला फारसे सांगायचे नाही. १८८६ ते १९२१ अशी पस्तीस वर्षे तिचे काम चालले आणि बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचे तिचे फाटक पाहायला आजही लोक जातात. पण स्वयंपाकघर कान्ह नदीच्या पलीकडच्या तीरावर ठेवून ते भुयाराने वाड्याला जोडण्याची योजना मला त्या फाटकाहून अधिक बोलकी वाटते. धूर, वास आणि राबणारी माणसे दृष्टीआड ठेवायची, हेही त्या काळाचे वास्तुविषयक मतच होते.

पॅट्रिक गेडीस यांच्यावर मात्र मला थांबायचे आहे. मूळचे स्कॉटलंडचे हे जीवशास्त्रज्ञ होळकर दरबारासाठी इंदुरात आले आणि त्यांचा नगररचनेचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगचे दिवस होते. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते कापत न्यावेत आणि मध्ये येणारी घरे पाडावीत, हा त्या काळच्या अभियंत्यांचा नेहमीचा उपाय असे. गेडीस गल्लीगल्लीतून पायी फिरले आणि त्यांनी उलटा मार्ग सुचवला: जी मोजकी घरे खरोखर पडकी आहेत तेवढीच काढावीत, त्या जागी लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी आणि बाकीच्या माणसांना आपल्या जागी राहू द्यावे. दिवाळीत त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि मिरवणूक काढली. मिरवणूक कोणत्या वाटेने जाईल हे आधी जाहीर केले नाही; ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरे साफ आणि दुरुस्त झाली असतील तिथून ती जाईल, एवढेच सांगितले. घरोघर सफाई आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, लक्ष्मी होती आणि वाटण्यासाठी तुळशीची रोपे होती. नगररचनाकाराने रेघ मारण्याऐवजी लोकांच्या हाताला काम दिले, आणि तेही त्यांच्याच सणाच्या निमित्ताने. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गल्ल्यांत हे घडले, आणि मला तो या शहराच्या वास्तुविचारातला सर्वांत उदार क्षण वाटतो.

त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच त्याच शहरात नेमके उलट टोक गाठले गेले. तरुण महाराज यशवंतराव होळकर आणि त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग हा महाराजांचा राजवाडा घडवला. भारतात त्या वेळी इतके आधुनिक घर दुर्मीळच होते. वातानुकूलन, धातूच्या खिडक्या, दिवे, गालिचे, खुर्च्या, साऱ्यांचा विचार एकाच नजरेतून झाला आणि कितीतरी वस्तू युरोपात बनवून जहाजाने आणल्या गेल्या. एलीन ग्रे, रूलमान आणि वास्तुकार ल कॉर्बुझिए अशा युरोपातल्या नामवंतांच्या रचना तिथे एकत्र होत्या. ब्रांकुशी हा थोर शिल्पकार महाराजांसाठी ध्यानमंदिर रचण्याच्या हेतूने इंदूरला येऊन गेला, पण ते मंदिर कधी बांधले गेले नाही. जुनी छायाचित्रे पाहिली की मन थक्क होते, आणि त्या सौंदर्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु जिथे खुर्चीची जागासुद्धा वास्तुकाराने ठरवली आहे, ते घर त्या एका कुटुंबाच्या जीवनक्रमाशी बांधलेले असते. संस्थान विलीन झाले, महाराज गेले, १९८० साली मोनॅकोत तिथल्या सामानाचा लिलाव झाला, आणि आज त्या वास्तूत केंद्रीय कराचे कार्यालय आहे. भिंती उरल्या, विचार मात्र सामानाबरोबर निघून गेला.

आता इंदूरचीच ‘अरण्य’ ही गृहवसाहत. तिचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, पॅरिसमध्ये कॉर्बुझिए यांच्या हाताखाली शिकले, अहमदाबादेत त्यांच्या इमारतींवर देखरेख केली आणि पुढे अमेरिकन वास्तुकार लुई कान यांच्याबरोबर तिथल्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेच्या इमारतींचे कामही पाहिले. म्हणजे सगळे ठरवणाऱ्या वास्तुकारांच्या सर्वांत कडक शाळेत ते घडले होते. अशा माणसाने १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी सुमारे ८५ हेक्टरांवर साडेसहा हजार भूखंडांची वसाहत आखताना गरिबांची घरे पूर्ण न करण्याचे ठरवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा निर्णय हवेतून आला नाही. आधी इंदूरच्या झोपडवस्त्यांची मोजमापे घेतली गेली: माणसे उंबऱ्याबाहेर कुठे बसतात, दुकान कुठे थाटतात, गाय-शेळी कुठे बांधतात, जिन्याखाली काय ठेवतात. मग सर्वांत लहान, ३५ चौरस मीटरच्या भूखंडावर जोते, पाणी आणि संडास-न्हाणी एवढे पक्के देऊन बाकीचे घर राहणाऱ्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे अशी योजना झाली. नमुना म्हणून ८० घरे बांधून दाखवली. त्यांत ओटा, बाहेरचा जिना, सज्जा अशा भागांची किती तऱ्हांनी जुळणी होते ते लोकांनी पाहावे, एवढाच हेतू. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून लहान भूखंडांना आधार मिळाला. १९९५ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार लाभला आणि २०१८ मध्ये दोशी वास्तुकलेतल्या प्रित्झकर या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या पारितोषिकाचे पहिले भारतीय मानकरी ठरले.

आज तिथे गेलीस तर पुस्तकातली छायाचित्रे तुला सापडणार नाहीत. मजल्यांवर मजले चढले आहेत, सज्जे खोल्यांत मिसळले आहेत, फरशा आणि लोखंडी जाळ्या आल्या आहेत, कितीतरी घरांचे मालक बदलले आहेत. काही जाणकार याला योजनेचे अपयश म्हणतात. गरिबांसाठी राखलेली जागा सधनांकडे जात असेल तर ती चिंतेची बाब आहे, हे मी मान्य करते. त्यावर जोते-नळाच्या योजनेत पुरेसे उत्तर नव्हते. पण घरे बदलली याबद्दल खंत कशाला करायची? ती बदलावीत म्हणूनच तर त्यांची आखणी झाली होती.

इथवर वाचून, सगळे सोडून द्यावे असे मी सांगते आहे असा समज करून घेऊ नकोस. तू अहमदाबादेत शिकतेस म्हणून तिथलेच उदाहरण देते. कॉर्बुझिए यांनी १९२० च्या दशकात घर खांबांवर उचलावे असा आग्रह धरला, तो खालची जमीन आणि बाग मोकळी राहावी म्हणून. तो विचार आपल्या शहरांत येता येता वाहनतळाचा झाला: वरचे मजले भिंतींनी भरलेले आणि तळमजला नुसत्या बारीक खांबांवर मोकळा. २६ जानेवारी २००१ रोजी भूज परिसरात भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कितीतरी बहुमजली इमारती तळमजल्यातून दुमडल्या आणि माणसे दगावली. पुढच्याच वर्षी भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता सुधारून आली आणि मोकळ्या तळमजल्याकडे अभियंते अधिक गांभीर्याने पाहू लागले. कल्पना मूळ हेतूपासून सुटून प्रवास करू लागली की असे घडते. तिचे रूप पोहोचते आणि तिच्यामागचे कारण वाटेतच राहते. म्हणून कोणताही विचार स्वीकारताना तो कोणत्या हवेत, कोणत्या जमिनीवर आणि कोणासाठी जन्मला हे विचारत जा. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ घेतला तर भिंतीला तडा जातो, मग ती भिंत कोणत्याही शैलीची असो. पाया, खांब, पाण्याचा उतार, उजेड आणि वारा येण्याची वाट, एवढे तू ठरवायचे आणि त्यात कसूर करायची नाही. अरण्यातही हेच केले होते: गटारे आणि रस्ते आधी, काटेकोर, खोल्या नंतर, मोकळ्या.

साधनेही विचार बदलतात, हे मी स्वतः पाहिले. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ ओढत असू, चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडत असू, आणि अमोनियाच्या उग्र वासाच्या प्रती काढून साइटवर पाठवत असू. रेघ बदलणे कष्टाचे होते, त्यामुळे ती ओढण्यापूर्वी खूप वेळ विचार होई. संगणकावर नकाशे काढण्याचे ऑटोकॅड १९८२ साली निघाले. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ते नव्वदच्या दशकात रुजले. त्याने फार मोठी सोय केली आणि मी ते मनापासून शिकले. परंतु एक मजला काढून झाला की तोच बारा वेळा उतरवणे क्षणाचे काम झाले, आणि दुसऱ्या व बाराव्या मजल्यावरचे ऊन, वारा, रस्त्याशी असलेले नाते वेगळे असते याचा विचार करायला कोणी थांबेनासे झाले. तुझ्या हातात याहून वेगवान साधने आहेत. त्यांचा उपयोग तू एकच घर पाच तऱ्हांनी वापरून पाहण्यासाठी करावास, असे मला वाटते: नवरा-बायको आहेत, मग दोन मुले आली, मग सासू अंथरुणाला खिळली, मग पुढची खोली शिलाईच्या दुकानाला दिली. प्रत्येक वेळी तुझी कोणती भिंत आड येते ते बघ.

तुझ्या या सत्रातल्या गृहवसाहतीच्या नकाशात तू सगळ्या खोल्यांवर नावे लिहून पलंगसुद्धा काढले आहेस. पलंग पुसून टाक आणि नकाशा पुन्हा तपास. जिना घराच्या पोटात आहे. तो बाहेरच्या बाजूला आणलास तर वरचा मजला पुढे वेगळा भाड्याने देता येईल आणि त्या कुटुंबाला हप्ते फेडायला मदत होईल. न्हाणीची भिंत शेजारच्या घराच्या न्हाणीला लागून घेतलीस तर नळ आणि गटाराचा खर्च दोघांत वाटला जाईल. दिवाळीच्या सुट्टीत आलीस की आपण दोघी अरण्यात जाऊ; मोजपट्टी आणि वही घेऊन ये, कॅमेरा नाही आणलास तरी चालेल. राहणाऱ्या बायकांना विचारायचे की आधी काय वाढवले, कशासाठी वाढवले आणि पैसे कुठून उभे केले. तोपर्यंत जिना कुठे ठेवतेस ते रेखाटन करून पाठव, म्हणजे मला त्याखालच्या जागेचा विचार करता येईल.

तुझी,
आई