मित्रास पत्र: मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर ट्रिप झाला की

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 100 किलोवॉटचा जुना मीडियम वेव्ह ट्रान्समीटर, समुद्र जवळ, मृगाच्या पहिल्या सरीपासून रोजच्या ट्रिपा (आपोआप बंद पडणं), आणि वरून विचारणा की नवीन व्हॉल्व्ह (पॉवर देणारी निर्वात नळी) कधी बसवताय. व्हॉल्व्ह कधी ना कधी लागणारच आहे. पण या ट्रिपांचं खापर एवढ्यात त्याच्यावर फोडू नकोस. जुन्या केंद्रांवर पावसाळ्यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा इमारतीच्या बाहेर असतं: फीडर लाइन (ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणारी तार), एटीयू हट (अँटेना ट्यूनिंग युनिटची खोली), मास्टचा म्हणजे अँटेनाच्या मनोऱ्याचा पाया, जमिनीतलं तांबं. ट्रान्समीटर बिचारा स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो आणि आपण त्याचंच पोट फाडून बघतो.

म्हणून पहिली गोष्ट डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी सगळी पॉवर पचवणारा रेझिस्टर. ट्रिप वारंवार व्हायला लागली की दुसरी सभा (प्रसारणाचं दुसरं सत्र) संपल्यावर आउटपुट डमी लोडवर टाक आणि पूर्ण पॉवरवर, मॉड्युलेशनसकट (कार्यक्रमाचा आवाज लहरीवर चढवून), अर्धा तास चालव. तिथे शांतपणे चालला तर आतल्या दारांना हात लावू नकोस, टॉर्च घेऊन बाहेर जा. डमी लोडवरही पडला तर दोष आत. डमी लोडच नादुरुस्त आहे असं सांगतील. बऱ्याच ठिकाणी असतोच. मग सगळ्यात आधी तो दुरुस्त कर. त्याच्याशिवाय तू अंदाजपंचे काम करणार.

दुसरी गोष्ट, ट्रिप कधी होते ते लिही. लॉगबुकमध्ये नुसतं ‘व्हीएसडब्ल्यूआर ट्रिप, रिस्टोअर केला’ लिहून उपयोग नाही (व्हीएसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर उलटी येते त्याचं माप). वेळ, हवा आणि त्या क्षणी कार्यक्रम काय चालू होता तेही हवं. बातम्यांत ठीक आणि ढोलकी-झांजा वाजल्या की ट्रिप, म्हणजे व्होल्टेज शिखरावर गेल्यावर कुठेतरी ठिणगी पडतेय. शंभर टक्के मॉड्युलेशनच्या शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं आणि क्षणिक पॉवर चौपट, म्हणजे तुझे 100 किलोवॉट त्या क्षणी 400 असतात. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप, तर काहीतरी तापतंय: ढिली क्लिप, थकलेला मायका कपॅसिटर. पहाटे दव असताना पडतो आणि ऊन चढलं की आपोआप बरा होतो, तर इन्सुलेटरवर मळ आणि मीठ बसलंय. वारा सुटला की पडतो, तर फीडर लाइनची तार हलतेय किंवा वेल चढलाय. जानेवारीत पडायला लागला तर आधी वर बघ, संक्रांतीचा मांजा लटकत असेल. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी, दव पडलं की वाहक.

आता मास्टच्या पायाशी चल. बेस इन्सुलेटरच्या बाजूला दोन गोळ्यांचा स्पार्क गॅप असेल, मास्टवर वीज पडली की ती या फटीतून जमिनीत जावी म्हणून. हा गॅप कुणीतरी कधीतरी ‘फार ठिणग्या उडतात’ म्हणून रुंद करून ठेवलेला असतो, किंवा गोळे गंजून टोकदार झालेले असतात. हिशेब तूच कर. समज, बेसला 60 ओहम रेझिस्टन्स आणि 80 ओहम रिअॅक्टन्स आहे. 100 किलोवॉटला करंट सुमारे 41 अँपिअर, एकूण इम्पीडन्स 100 ओहम, म्हणजे बेसवर साधारण 4.1 किलोव्होल्ट आरएमएस. कॅरियरचं (कार्यक्रम नसतानाच्या मूळ लहरीचं) शिखर 5.8, पूर्ण मॉड्युलेशनला 11.5 किलोव्होल्ट. कोरड्या हवेत मिलिमीटरला 3 किलोव्होल्ट धरले तर 4 मिलिमीटरला गॅप पेटायच्या बेतात येतो. दमट हवा, धूळ आणि किनाऱ्याचं मीठ बघता दुप्पट ठेव, 8 मिलिमीटर. त्याहून फार वाढवलास तर आकाशातल्या विजेचा धक्का गॅप सोडून एटीयूतल्या कपॅसिटरमधून वाट काढेल. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुझ्या मास्टचा बेस इम्पीडन्स ब्रिजवर (मोजमापाच्या यंत्रावर) मोजून घे आणि मग गॅप ठरव. गोळे एकाखाली एक असतील तर ते आडवे, शेजारी शेजारी करून घे. खालीवर असले की पावसाचा थेंब वरच्यावरून खालच्यावर पडतो आणि तोच पूल होतो. गॅपमध्ये गांधीलमाशीचं घर आहे का तेही बघ, हसू नकोस.

एटीयूकडून मास्टकडे जाणाऱ्या नळीला एक-दोन वेढे आहेत ना? कुणी ‘सरळ करून नीटनेटकं’ केलं असेल तर परत घाल. त्या वेढ्यांमुळेच विजेचा झटका आत न शिरता गॅपकडे वळतो. मग स्टॅटिक ड्रेन चोक, म्हणजे मास्टवरचा भार जमिनीत सोडणारी कॉइल. आभाळ स्वच्छ असताना, पॉवर बंद करून, मास्ट आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लाव. चोक शाबूत असेल तर अगदी कमी, काही ओहमच दिसतील. ओपन दाखवला तर तुझ्या अर्ध्या ट्रिपांचं उत्तर मिळालं: मास्टवर साठणारा विद्युतभार जमिनीत उतरायला जागाच नाही, मग तो गॅपमधून उडी मारतो. त्यासाठी वीज पडायला लागत नाही. काळा ढग डोक्यावरून गेला किंवा कोरडा वारा घासला तरी पुरतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गॅपमध्ये एकदा आर्क (सलग ठिणगी) पेटला की आकाशातली वीज निघून गेली तरी ट्रान्समीटरची स्वतःची पॉवर तो आर्क जिवंत ठेवते. तो विझवायचा एकच उपाय: क्षणभर आरएफ, म्हणजे ट्रान्समीटरची रेडिओ पॉवर, बंद. म्हणून व्हीएसडब्ल्यूआरची ती क्षणिक ट्रिप आणि आपोआप परत येणं हे आरोग्याचं लक्षण आहे. वादळात अशा दहा झाल्या तरी चालतील. ट्रिपची मर्यादा वाढवून ‘आता पडत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र मास्टपासून लांब ठेव. व्हीएसडब्ल्यूआर 1.5 म्हणजे 4 टक्के पॉवर परत येते, 2 म्हणजे 11 टक्के. 100 किलोवॉटमधले 11 किलोवॉट उलटे आले तर कुठल्या तरी कपॅसिटरचा जीव जाणार.

एटीयू हटमध्ये सभा संपताच, पॉवर बंद होऊन अर्थिंग झाल्याबरोबर, इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जा. कॉइलवरच्या क्लिपा, सांधे, कपॅसिटरची टोकं, एकेक मोजून कागदावर लिही. दोन सारख्या सांध्यांत पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला की तो सांधा उघडून घासायचा. कुणी पितळी बोल्टच्या जागी लोखंडी टाकलेला असेल तर तो तापून निळा पडलेला दिसेलच. दाराखालची फट, केबलचं भोक, सगळं जाळीने बंद कर. पाल कॉइलवर चढली की तिचाही शेवट होतो आणि तुझ्या सभेचाही.

गाय वायरींचे (मास्टला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांचे) इन्सुलेटर रात्री बघायचे. कंपाउंडमधले दिवे मालवून, दुर्बीण घेऊन, मॉड्युलेशन जोरात असताना. ज्या इन्सुलेटरवर निळसर ठिणगी दिसेल त्याचा नंबर नोंदव. किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर गोड्या पाण्याने धुलाई हवीच, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस नसतो आणि दव मात्र मिठावर पडतं. गाय वायरींचा ताण मात्र आपल्या माणसांकडून बदलून घेऊ नकोस. पोलंडमधला कॉन्स्तान्तिनूफचा 646 मीटरचा लाँग वेव्ह मास्ट, त्या काळी जगातली सगळ्यात उंच रचना, 8 ऑगस्ट 1991 रोजी गाय वायर बदलण्याच्या कामातच कोसळला. हे काम रिगरचं (मास्टवर चढून काम करणाऱ्या तज्ज्ञाचं), तेही वारा नसलेल्या सकाळी.

आणि आता ज्याकडे कुणीच बघत नाही ते, अर्थ मॅट, म्हणजे जमिनीत पुरलेलं तांब्याच्या तारांचं जाळं. यात ट्रिप होत नाही, मीटर हलत नाहीत आणि श्रोते मात्र गळत जातात. पुण्याच्या 792 किलोहर्ट्झचं उदाहरण घे. लहरीची लांबी 379 मीटर, पाव लहर जवळपास 95. मास्टभोवती 120 तारा, प्रत्येक पाव लहरीची, अशी पाठ्यपुस्तकी अर्थ मॅट करायची तर अकरा किलोमीटरहून जास्त तांबं जमिनीत जातं. ब्राउन, लुईस आणि एपस्टीन यांनी 1937 साली मोजून दाखवलं तेव्हापासून हा 120 चा आकडा चालत आलाय. हे तांबं नांगर तोडतो, गवत काढणारं यंत्र तोडतं, आणि बाकीचं चोर नेतात. पाव लहरीच्या मास्टचा रेडिएशन रेझिस्टन्स साधारण 36 ओहम. जमिनीचा लॉस 2 ओहम असेल तर 100 पैकी जवळपास 95 किलोवॉट आकाशात जातात. तारा तुटून तोच लॉस 12 ओहम झाला तर 75. बाकीचे पंचवीस किलोवॉट गांडुळं तापवतात. दरम्यान कुणीतरी एटीयू पुन्हा ट्यून करून व्हीएसडब्ल्यूआर छान 1.1 वर आणलेला असतो, त्यामुळे ट्रान्समीटर खूष.

हे पकडायचं एकच साधन, बेस करंट. वरच्या उदाहरणात तोच 51 अँपिअरवरून 45-46 वर येतो. म्हणून केंद्र सुरू झालं तेव्हाची जुनी नोंदवही शोध आणि त्यातला बेस करंट आजच्याशी ताडून बघ. आजचा कमी असेल तर मीटर तपासून घे, आणि मीटर ठीक निघाला तर खोदायला लाग. मास्टच्या पायाशी तांब्याची पट्टी असते, तिला सगळ्या तारा जोडलेल्या असतात. तिथूनच सुरुवात कर, कारण जुने सांधे सगळ्यात आधी तिथे सुटतात. दुरुस्ती सिल्व्हर ब्रेझिंगने. साध्या सोल्डरचा सांधा जमिनीत टिकत नाही आणि पडलेल्या विजेच्या करंटने वितळतो.

आता व्हॉल्व्हबद्दल, तू विचारलंयस म्हणून. थोरिएटेड टंगस्टन फिलामेंट असेल तर नव्या व्हॉल्व्हचे पहिले 200 तास ठरलेल्या व्होल्टेजवर जाऊ देत. मग ट्रू आरएमएस मीटर थेट सॉकेटच्या टोकांना लावून व्होल्टेज 0.1 च्या पायरीने कमी करत जा आणि ऑसिलोस्कोपवर पॉझिटिव्ह शिखरं बघ. एमिशन (फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन सुटणं) कमी पडलं की आधी तीच चपटी होतात. चपटी झाली तिथून 0.1 ते 0.2 व्होल्ट वर चढवून थांब. व्होल्टेज 3 टक्क्यांनी उतरवलं की आयुष्य दुपटीच्या आसपास जातं, इतका फरक आहे. ऑक्साइड कॅथोडच्या छोट्या ड्रायव्हर ट्यूबना हा प्रयोग करू नकोस, त्या खराब होतील. जादाचा व्हॉल्व्ह कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नकोस, आत वायू साठतो आणि गरज पडेल त्या दिवशी एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेज) देताच फ्लॅशओव्हर होतो. दर तीन महिन्यांनी आलटून पालटून बसवून चालवायचा. सॉकेटची बोटं ढिली होऊन काळवंडली असतील तर तीच आधी बदल, नाहीतर सगळा आरएफ करंट उरलेल्या दोन-चार बोटांतून जाऊन नव्या व्हॉल्व्हचंही सील जाळेल. आणि बंद करताना ब्लोअर फिलामेंटनंतर पाच मिनिटं चालू राहिला पाहिजे. हा टाइमर बिघडलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

बीबीसीच्या ड्रॉइटविचला 198 किलोहर्ट्झसाठी लागणारे मोठे व्हॉल्व्ह जगभरात दहासुद्धा शिल्लक नाहीत, असं 2011 साली जाहीर झालं होतं. तेव्हा जे आहेत ते सांभाळ.

सॉलिड स्टेट स्टँडबायबद्दल (ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या राखीव ट्रान्समीटरबद्दल) थोडक्यात. एखादं मॉड्यूल गेलं तरी तो चालतो, म्हणून लोक चालवत राहतात, आणि उरलेल्यांवरचा ताण वाढत जातो. गेलेल्या मॉड्यूलमध्ये एकच मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) शॉर्ट दिसला तरी सर्किटच्या त्याच शाखेतला जोडीदारही बदल, आणि फ्यूज घालण्याआधी गेट ड्राइव्ह स्कोपवर बघ. ते न बघता घातलास तर नवी जोडी पहिल्या सेकंदात जाईल. पंख्याच्या जाळ्या धू. तापमान 10 अंशांनी चढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं.

इंटरलॉकच्या (दार उघडं किंवा थंडावा बंद असेल तर एचटी तोडणाऱ्या स्विचांच्या) ट्रिपा वेगळ्या ओळखायला शिक: त्यात ओव्हरलोडचा दिवा लागत नाही, एचटी गुपचूप जातं. दाराचा मायक्रोस्विच, हवेच्या प्रवाहाचा स्विच, पाण्याच्या प्रवाहाचा स्विच, या क्रमाने तपास. मायक्रोस्विच बायपास करून ठेवलेला सापडला तर त्याच दिवशी काढ. त्या दारामागचं एचटी दुसरी संधी देत नाही. बंद केल्यावरही आत हात घालण्याआधी अर्थिंग रॉड प्रत्येक एचटी कपॅसिटरला लावून तिथेच लटकत ठेवायचा. आधी रॉडच्या तारेचं दुसरं टोक खरंच अर्थला जोडलेलं आहे का ते ओढून बघ.

आणि रात्री फोन आला की ‘रेडिओ बंद आहे’, तर निघण्याआधी स्वतःचा साधा रेडिओ लाव. सेट मुका पण शांत असेल तर कॅरियर आहे आणि स्टुडिओकडून कार्यक्रम येत नाहीये, तिथे फोन कर. खरखर ऐकू आली तरच गाडी काढ.

पुढच्या पत्रात मला तीन आकडे पाठव: आजचा बेस करंट, जुन्या वहीतला बेस करंट, आणि ड्रेन चोकचा ओहम. सोबत गेल्या पंधरा दिवसांतल्या ट्रिपांच्या वेळा आणि त्या वेळची हवा. व्हॉल्व्हचं इंडेंट (मागणीपत्र) त्यानंतर लिहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत